बाबांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ४ टीबीची डिस्क: कामाच्या नोंदी

यंत्र २००९ साली जुळवलेलं. दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर२ रॅम, ३ गिगाबिटचे चार साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा). यंत्र चालू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम नव्या पद्धतीचा यूईएफआय नाही, साधा जुना बायोस. आत ५०० जीबीची एकच डिस्क. आधी एक्सपी होती, तिच्याच सी पार्टिशनवर नंतर विंडोज ७ चढवलेली. संगणक बदलत का नाही, तर स्कॅनरमुळे. त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे आला नाही आणि बाबा रोज त्याच्यावर काही ना काही स्कॅन करत असतात. विंडोज ७ ला २०२० पासून अपडेट नाहीत, त्यामुळे नेटची केबल काढून ठेवली आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

महिनाभर डिस्क टक् टक् करत होती. "पंखा आहे गं तो," असं बाबांचं निदान. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिचे, आकडे काढले. रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे, खराब म्हणून बदललेले) ८, पेंडिंग २४. पेंडिंग म्हणजे डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे सेक्टर. पंखा नव्हे.

कॅबिनेट उघडलं. केबल हलवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढले, पुढे त्यातला एक फार उपयोगी पडला. अर्धा तास धूळ काढण्यात गेला.

नवी डिस्क कप्प्यात सरकवली आणि स्क्रूचा पहिला घोळ झाला. डब्यात सापडलेले चार स्क्रू लावले तर ते नुसतेच फिरत राहिले. ते डीव्हीडी ड्राइव्हचे एम३ निघाले, बारीक आट्यांचे. साडेतीन इंची डिस्कला ६-३२ मापाचे जाड आट्यांचे लागतात. एम३ त्यांच्या भोकात लटपटतात आणि उलट केलंत, जाड स्क्रू बारीक भोकात रेटलात, तर आटे कायमचे जातात. बरोबर मापाचे तीनच मिळाले, तेवढ्यावर भागवलं.

एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटा पॉवरचे तीनच प्लग आहेत: जुनी डिस्क, डीव्हीडी, नवी डिस्क. तूर्त पुरले.

चालू केल्यावर बायोसमध्ये नवी डिस्क १८०१ जीबी दिसली. पोटात गोळा आला. लिनक्समध्ये मात्र ती पुरी ४००० जीबी होती. कागदावर वजाबाकी केली तेव्हा कळलं: ४००० वजा २१९९ म्हणजे बरोबर १८०१. बायोस सेक्टर ३२ बिटांत मोजतो. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर त्याची मोजणी २१९९ जीबीला संपते आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. लिनक्स किंवा विंडोज एकदा चालू झाले की डिस्कशी आपल्याच ड्रायव्हरने बोलतात, त्यामुळे त्यांना फरक पडत नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय सोडून दिला. सोडायला नको होता. मंगळवारची नोंद बघा.

रात्री नव्या डिस्कवर स्मार्टची लांब चाचणी लावून झोपले. नवी आहे म्हणून चांगलीच असेल असं धरून चालत नाही मी.

४ फेब्रुवारी, रविवार

चाचणी पास. आता जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर. साधन डीडीरेस्क्यू. नकलेची साधी कमांड डीडी वापरली तर पहिल्या खराब सेक्टरला अडून बसते. डीडीरेस्क्यू खराब जागा ओलांडून आधी चांगलं सगळं उचलते आणि मग मागे येऊन उरलेल्यावर झटते. मॅपफाइल देणं विसरू नका. ती असली की मध्येच बंद पडलं तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

काल रात्री कमांड कागदावर लिहून ठेवली होती: एसडीए वरून एसडीबी वर (लिनक्स डिस्कना देते ती नावं). सकाळी संगणक पुन्हा चालू केला तर नावं अदलाबदल झाली होती. नवी डिस्क एसडीए, जुनी एसडीबी. कागद बघून टाइप केलं असतं तर कोऱ्या डिस्कने बाबांचं पंधरा वर्षांचं सगळं पुसून निघालं असतं. एंटर दाबण्याआधी अनुक्रमांक बघायची सवय होती म्हणून वाचले. आता दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे मार्करने मोठे लिहिले आहेत आणि कमांडमध्ये एसडीए-एसडीबी न लिहिता अनुक्रमांक असलेलं लांबलचक नाव वापरते. टाइप करायला कंटाळा येतो, पण चुकत नाही.

सुरुवात ७० एमबी प्रति सेकंदाने. या हिशोबाने दोन तासांत व्हायला हवं होतं. वीस मिनिटांनी वेग ३ एमबीवर आला. मी जुन्या डिस्कला बोल लावले आणि वाट बघत बसले. तब्बल पाच तास.

पाच तासांनी सुचलं की कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश तरी बघावेत. सगळीकडे 'लिंक रीसेट', म्हणजे जोडणी तुटून पुन्हा जुळवलेली. आणि तेही नव्या डिस्कच्या पोर्टवर! नव्या डिस्कचा स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी एररचा, सकाळी ० होता तो ४१ झालेला. हा आकडा वाढतो तेव्हा प्लॅटर (डिस्कच्या आतल्या चकत्या) बहुतेक ठीक असतात, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत गडबड असते. केबल मी जुन्या खोक्यातली लावली होती, लाल, बिनखटक्याची, टोकाशी काटकोनात मुडपलेली. नव्या डिस्कसोबत केबल आली नव्हती आणि मी काटकसर केली.

नवी केबल आणली, खटका 'टक्' वाजेपर्यंत बसवली. वेग परत ७०. १९९ चा आकडा ४१ वरच थांबला. तो कधी खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेव्हा शून्य व्हायची वाट बघू नका.

५ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे नक्कल पूर्ण. ४८ केबी मिळाले नाहीत, दोन ठिकाणी मिळून. जुन्या डिस्कचे पेंडिंग सेक्टर कॉपी संपेपर्यंत २४ चे ९६ झाले होते. ९६ गुणिले ५१२ बाइट म्हणजे बरोबर ४८ केबी, हिशोब जुळला.

५०० जीबीतले ४८ केबी म्हणजे काहीच नाही, पण ते कुठल्या फाइलमधले? एनटीएफएसक्लस्टर नावाचं छोटं साधन आहे, त्याला सेक्टर सांगितले की फाइलचं नाव देतं. ४ केबी विंडोजच्या टेंप फाइलमधले, जाऊ देत. उरलेले ४४ केबी 'आजी_कॅसेट_३_अ.डब्ल्यूएव्ही' या फाइलमधले.

हेडफोन लावून ऐकलं. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला १७६ केबीच्या आसपास लागतात, म्हणजे गेलेला तुकडा पाव सेकंदाचा. चौदाव्या मिनिटाला आजी कुणाला तरी हाक मारते, नाव सुरू होतं आणि मध्येच गप्प. पुढचं वाक्य लगेच सुरू. तीनदा ऐकलं. नाव कुणाचं ते कळत नाही.

बाबांना सांगितलं. "मूळ कॅसेट आहे कपाटात," म्हणाले. मग ठीक.

६ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या डिस्कची केबल काढली, नव्या डिस्कवरून विंडोज चालू केली. झाली! बाबांना हाक मारून दाखवलीसुद्धा. इथे लॉग संपायला हवा होता.

डिस्क मॅनेजमेंट उघडून डी पार्टिशन मोठं करायला गेले. डिस्कची पट्टी दोन तुकड्यांत: एकीकडे २०४८ जीबी, त्यापलीकडे १६७८.०२ जीबीचा काळा पट्टा. त्या पट्ट्यावर राइट क्लिक केलं की सगळे पर्याय फिके. काही करता येत नाही.

कारण शनिवारचंच. डिस्कवर पार्टिशनचा तक्ता (कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं त्याची यादी) जुन्या एमबीआर पद्धतीचा, नकलेबरोबर जुन्या डिस्कवरून आलेला. एमबीआरमध्येही सेक्टरची संख्या ३२ बिटांतच लिहिली जाते, त्यामुळे तीच २१९९ जीबीची कुंपणभिंत. विंडोज तिलाच २०४८ जीबी म्हणते, कारण ती १०२४ च्या पटीत मोजते. बायोसने १८०१ दाखवलं तेव्हाच हे डोक्यात यायला हवं होतं.

मग हुशारी केली. जीडिस्क या साधनाने तक्ता जीपीटीत, म्हणजे मोठ्या डिस्कना चालणाऱ्या नव्या पद्धतीत, बदलला. डेटा जागेवर राहतो, बदल दोन मिनिटांत होतो. पुन्हा चालू केलं आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर. जुन्या बायोसवर विंडोज जीपीटी डिस्कवरून बूट होत नाही, त्यासाठी यूईएफआय लागतं. जीपीटी डिस्क डेटासाठी वाचते-लिहिते, पण तिच्यावरून उठत नाही. लिनक्स असती तर १ एमबीचं एक खास बूट पार्टिशन देऊन ग्रबने (लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रॅमने) निभावून नेलं असतं. पण स्कॅनर.

रात्री एक वाजता तक्ता परत एमबीआर केला.

७ फेब्रुवारी, बुधवार

काही केलं नाही. रागावले होते. बाबांनी विचारलं, "झालं का गं?" म्हटलं, "तुम्ही शनिवारपर्यंत विचारू नका."

१० फेब्रुवारी, शनिवार

नवा बेत. विंडोज एका छोट्या एसएसडीवर, एमबीआर पद्धतीने. ४ टीबी डिस्क पूर्ण जीपीटी, फक्त डेटासाठी. दोन डिस्कवर दोन वेगळे तक्ते असले तर काही बिघडत नाही. एसएसडी माझ्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली १२० जीबीची, दीड वर्ष खणात पडून होती. सी पार्टिशन १०० जीबीचं, म्हणजे मावतं.

पण ४ टीबी डिस्क पुसायची तर तिच्यावरची नक्कल आधी कुठेतरी न्यायला हवी. जुनी डिस्क आहेच, पण ९६ सेक्टर गेलेल्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवून झोप येणार नाही. भावाकडून १ टीबीची रिकामी बाह्य डिस्क मागून आणली आणि पहिले ५०० जीबी तिच्यावर उतरवले. या संगणकाला यूएसबी २ च आहे, ३१ एमबीचा वेग. साडेचार तास. हे पाप मंगळवारच्या घाईचं.

एसएसडीवर सी नेताना आणखी एक जुनं दुखणं सापडलं. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायची पद्धत होती. नव्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात, म्हणजे आठ जुने सेक्टर मिळून एक. ६३ ला आठने भाग जात नाही. त्यामुळे विंडोजचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा दोन खऱ्या सेक्टरांवर तंगडी टाकून बसतो आणि एक लिहायला डिस्कला दोन वाचून परत लिहावे लागतात. नक्कल नक्कल करताना मी हेही इमानेइतबारे नकललं होतं. जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात एसएसडीवर नवा तक्ता केला, सी कॉपी-पेस्ट केलं आणि सुरुवात २०४८ व्या सेक्टरला आहे ना ते तपासलं. ही सुरुवात एक एमबीवर येते, सगळ्या डिस्कना चालते.

एसएसडीला कप्पा नाही. तळाशी दुतर्फी चिकटपट्टीने चिकटवली. फिरणारं काही आत नसल्याने तिला चालतं. हार्ड डिस्कला असलं कधी करू नका.

प्लग मात्र तीनच. डीव्हीडीचा काढून एसएसडीला दिला.

संध्याकाळी चालू केलं: 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. पार्टिशनला बूट फ्लॅग (इथून चालू हो अशी खूण) द्यायला विसरले होते. दिला. मग वेगळी चूक, विंडोजच्या बूट नोंदीत अजून जुन्या डिस्कची ओळख आणि जुनी जागा. त्याला इन्स्टॉल डीव्हीडीवरची स्टार्टअप रिपेअर लागते. डीव्हीडीचा प्लग मी दोन तासांपूर्वी काढलेला. हसू आलं.

आता जुन्या डिस्कचा प्लग काढून डीव्हीडीला लावला. ते एका परीने बरंच झालं. दुरुस्ती करताना ज्या डिस्कवर बूट हवं आहे तेवढीच जोडलेली असावी, नाहीतर दुरुस्ती भलत्याच डिस्कवर जाऊन बसते. म्हणून ४ टीबीचीही केबल काढली. परत लावताना कुठली कुठे होती ते पहिल्या दिवशीच्या फोटोत होतं. स्टार्टअप रिपेअर दोनदा चालवावी लागली, पहिल्या खेपेला तिने काहीच सापडलं नाही असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला विंडोज उठली. तारीख दाखवत होती १ जानेवारी २००९.

११ फेब्रुवारी, रविवार

तारखेचं कारण मदरबोर्डवरचा बटणसेल. सीआर२०३२, नवा ३ व्होल्टचा, आमचा २.६ वर आलेला. प्लग काढून ठेवला की बायोस सगळं विसरतो, बूटचा क्रमसुद्धा. सेल बदलला. यंत्र उघडं आहे तेव्हाच बदलून टाका, पुन्हा स्क्रू काढायला नको.

४ टीबी डिस्क जीपीटी केली. विंडोजने आपल्यासाठी १२८ एमबी बाजूला काढून ठेवले, ते असू दे. वाटणीवरून वाद झाला. बाबांना तीन पार्टिशनं हवी होती: स्कॅन, फोटो, आवाज. "जुन्यात तशी सोय होती," म्हणे. जुन्यात फक्त सी आणि डी होते, पण असो. माझं म्हणणं, त्यासाठी फोल्डर असतात. पार्टिशनच्या भिंती बांधल्या की एक भरतं, दुसरं रिकामं राहतं आणि मग आपण भिंती सरकवत बसतो, सरकवताना डेटा जायची भीती वेगळी. शेवटी एकच मोठं पार्टिशन, आत तीन फोल्डर, प्रत्येकाला बाबांनी निवडलेला रंगीत आयकॉन. आयकॉनवर ते खूष.

क्विक फॉरमॅट न मारता पूर्ण फॉरमॅट लावला. विस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितो, म्हणजे प्रत्येक जागी एकदा लिहून बघणं आपोआप होतं. साडेनऊ तास. मध्येच डिस्कला हात लावून बघितला, चटका. स्मार्टमध्ये ५१ अंश. कप्प्यासमोर पंख्याची जागा रिकामी होती, एका जुन्या कॅबिनेटमधला १२० मिमीचा पंखा तिथे बसवला, ३९ वर आलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

रात्री विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने डी चा सगळा डेटा, ३१० जीबी, बाह्य डिस्कवरून नव्या डिस्कवर आणायला लावला. अंदाज तीन तास. सकाळी बघते तर ० जीबी.

पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा: 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरला प्रवेश नाही, ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न. काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी अडलेल्या जागी १० लाख वेळा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. जवळजवळ साडेअकरा महिने होतात ते. प्रयत्न १, थांबणं १ सेकंद, तो फोल्डर वगळ आणि लॉग फाइल लिही, असं सांगून पुन्हा लावली. दुपारी झालं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

ड्राइव्हची अक्षरं. डीव्हीडीने डी पटकावला होता आणि स्कॅनरचा प्रोग्रॅम डी मध्येच जाऊन शोधतो. आधी डीव्हीडीला झेड दिलं, मग नव्या डिस्कला डी. क्रम उलटा केलात तर अक्षर मोकळं नसतं.

कॉपी झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही. लिनक्समध्ये आरसिंक या कॉपीच्या साधनाला चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लावून, काहीही न लिहिता फक्त तुलना करायला सांगितली. तीन तास. फरक शून्य.

शेवटी डिस्कशी बोलायची पद्धत जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर. बायोसमध्ये नुसतं बदललं तर विंडोज ७ ७बी क्रमांकाचा निळा पडदा दाखवते, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला चढवलाच जात नाही. आधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) 'एमएसएएचसीआय' या सेवेची 'स्टार्ट' किंमत ० करायची आणि मग बायोस. मला हे ठाऊक होतं, आणि तरी आधी बायोस बदलला. निळा पडदा बघून परत फिरले. एवढ्या दिवसांनी माणूस दमतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दोन आठवडे सुरळीत. १९९ चा आकडा ४१, पेंडिंग ०, उष्णता ३८ ते ४०. विंडोज आधी तीन मिनिटांत उठायची, आता चाळीस सेकंदांत. भावाची डिस्क अजून परत केलेली नाही, दुसरी प्रत कुठे ठेवायची ते ठरेपर्यंत देणार नाही असं त्याला सांगून टाकलं.

जुनी डिस्क चिकटपट्टीसकट खणात आहे. बाबांनी कपाटातून कॅसेट क्रमांक ३ काढली, टेप किंचित ढिली झाली होती, पेन्सिलीने गुंडाळून घट्ट केली. 'अ' बाजू पुन्हा रेकॉर्ड केली. चौदाव्या मिनिटाला आम्ही दोघंही हेडफोनचं एकेक टोक कानाला लावून बसलो होतो. हाक बाबांनाच होती.